कोपऱ्यावरचं घर, पावणेदोनशे फूट साइडवॉक आणि मीठ

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसमध्ये सहा वर्षं आम्ही अपार्टमेंटमध्ये राहिलो. त्या सहा वर्षांत स्नो कोण काढतं, कधी काढतं, याचा मला पत्ताच नव्हता. पहाटे खालून यंत्राची घरघर यायची आणि आठला बाहेर पडेपर्यंत वाट मोकळी झालेली असायची. जून 2022 मध्ये आम्ही शहराच्या दक्षिण भागात घर घेतलं, मिनेहाहा ओढ्यापासून चालत दहा मिनिटांवर. कोपऱ्यावरचं घर, दोन बाजूंनी उजेड. आई फोनवर म्हणाली, "दोन रस्त्यांचं घर चांगलं असतं गं." चांगलं आहेच. पण दोन रस्ते म्हणजे दोन साइडवॉक, म्हणजे फूटपाथ. समोर 45 फूट, बाजूला 128 फूट, मागे अ‍ॅलीत, म्हणजे घरामागच्या गल्लीत, गॅरेजसमोरचा उतार आणि दाराच्या तीन पायऱ्या. हे सगळं साफ ठेवणं आता आपल्याकडे आहे, हे नोव्हेंबर उजाडेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात घसरणं, पालिकेचं पत्र, वाया गेलेले पैसे, सगळं झालं. नव्याने घर घेतलेल्या दोन मैत्रिणींनी या महिन्यात तेच प्रश्न विचारले, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी नियम. स्नो पडायचा थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा साइडवॉक साफ झाला पाहिजे, असा मिनियापोलिसचा नियम आहे. स्वतंत्र घरं आणि दोन बिऱ्हाडांची घरं यांना 24 तास मिळतात. मोठ्या इमारती आणि दुकानं यांना दिवसाउजेडीचे फक्त चार तास. साफ म्हणजे पूर्ण रुंदीने आणि खालचं काँक्रीट दिसेपर्यंत. कोपऱ्यावरच्या घराला आणखी एक काम असतं: रस्ता ओलांडायला जिथे उतार केलेला असतो तो रस्त्याच्या कडेपर्यंत मोकळा ठेवायचा. पालिकेचा स्नो ढकलणारा नांगराचा ट्रक रस्ता साफ करत जातो आणि नेमका त्याच तोंडावर कडक, मातकट ढिगांचा बांध टाकून जातो. तोही आपणच काढायचा, आणि काढलेला स्नो रस्त्यावर किंवा अ‍ॅलीत ढकलायला बंदी आहे. घर घेताना आम्ही कागदांच्या चळतीवर सह्या केल्या, पण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिला मोठा स्नो पडला. माझा नवरा कामानिमित्त महिन्यातले दोन आठवडे बाहेरगावी असतो. घरात मी, सात वर्षांचा मुलगा आणि सप्टेंबरात सांगलीहून आलेल्या सासूबाई. आधीच्या मालकांनी गॅरेजमध्ये एक फावडं आणि मिठाची अर्धी पिशवी ठेवली होती. तो स्नो हलका होता, पिठासारखा. दीड तासात सगळं झालं. मुलालाही मजा आली. हे जमेल आपल्याला, असं वाटलं.

मग 13 ते 15 डिसेंबर सलग तीन दिवस पडला. हा ओला होता, जड. एक फावडं उचललं तर भिजलेली गोधडी उचलल्यासारखं वाटायचं. पाठ भरून आली तेव्हा मी बाजूच्या साइडवॉकवर जेमतेम एक माणूस जाईल एवढी पायवाट काढली आणि बाकीचं उद्या करू म्हणून आत गेले. माझी पहिली आणि सगळ्यात महाग पडलेली चूक ही. त्या उरलेल्या स्नोवरून लोक चालले, कुत्री चालली, मुलांच्या स्लेड गेल्या. तो दबला. मग आणखी थोडा पडला, तोही दबला. 22 तारखेच्या सुमारास पारा उणे 20 सेल्सिअसच्या आसपास गेला आणि त्या सगळ्याचा दगड झाला.

मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. आभाळातून पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमध्ये जमतो तोही बर्फ. त्यामुळे मनातही ती एकच गोष्ट होती. इथे राहून कळलं की या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. भुसभुशीत स्नो फावड्याने जातो. तो दबून किंवा विरघळून पुन्हा गोठला की काच होते, आणि काचेवर फावडं नुसतं घसरतं.

मी त्या काचेवर मीठ टाकायला सुरुवात केली. साधं रॉक सॉल्ट, 50 पाउंडांची पिशवी साधारण नऊ डॉलरला. सकाळी फावड्याने भरभरून टाकायचं, संध्याकाळी बघायचं, तर खडे तसेच पांढरे, बर्फावर बसलेले. मग अजून टाकायचं. पंधरा डिसेंबर ते दहा जानेवारी या काळात मी चार पिशव्या संपवल्या, म्हणजे 200 पाउंड, नव्वद किलो मीठ. आज तो आकडा लिहिताना वाईट वाटतं.

मीठ का चाललं नाही, ते मला नंतर कळलं. खरं तर ते मला लहानपणीच ठाऊक असायला हवं होतं. साताऱ्याला मे महिन्यात आम्ही हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आईस्क्रीम करायचो. डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ थरावर थर घालायचं. मीठ घातलं की बर्फ पाझरायला लागायचा, आणि तरीही त्या खाऱ्या पाण्यात बोट घातलं तर नुसत्या बर्फापेक्षा जास्त झोंबायचं. तिथे होतं तेच इथे होतं. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून बर्फ वितळतो. पण वितळायला उष्णता लागते, आणि ती तो आजूबाजूने ओढून घेतो. साताऱ्याच्या मे महिन्यात उष्णतेला तोटा नव्हता. उणे 20 मध्ये ओढून घ्यायला फारसं काही उरलेलं नसतं, आणि खडा विरघळायला जो पाण्याचा पातळसा थर लागतो तोही नसतो. साध्या मिठाची उपयोगाची हद्द साधारण 15 फॅरनहाइट, म्हणजे उणे 9 सेल्सिअस. तीही हवेची नाही, जमिनीची. त्याखाली मॅग्नेशियम क्लोराइड साधारण उणे 23 पर्यंत आणि कॅल्शियम क्लोराइड साधारण उणे 29 सेल्सिअसपर्यंत काम करतं. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना स्वतःच उष्णता सोडतं, म्हणून ते लवकर लागू पडतं. पण त्याची तेवढीच पिशवी मला 29 डॉलरला पडली, आणि ते हवेतला ओलावा ओढून जमीन चिकट ठेवतं. हाताळताना हातमोजे घालाच. मी घातले नव्हते, दोन दिवस बोटांची आग होत होती.

दुकानात "बर्फ वितळवणारे" म्हणून रंगीबेरंगी पिशव्या असतात. पुढचं चित्र बघू नका, मागे बारीक अक्षरांत काय काय आहे ते वाचा. निळा किंवा हिरवा रंग दिलेलं बरंचसं साधं मीठच असतं, दुप्पट किमतीचं.

उकळत्या पाण्याचाही प्रयोग केला. नाताळच्या आदल्या दिवशी पायऱ्यांवर दोन किटल्या ओतल्या. वाफ झाली, बर्फ क्षणभर विरघळला आणि मी फडकं आणायला आत जाऊन येईपर्यंत तिन्ही पायऱ्यांवर गुळगुळीत चकाकता थर जमला होता. कोणी सांगितलं तरी हे करू नका. पाणी, भांड्यांचा साबण आणि रबिंग अल्कोहोल यांचं मिश्रणही करून पाहिलं. एका पायरीवरच्या पापुद्र्याएवढ्या बर्फाला ते चाललं, पण 173 फुटांना ते पुरणार कसं?

डिसेंबरातच मी एका स्नो काढणाऱ्याशी ठरवलं होतं. दोन-तीन ठिकाणी दर विचारले होते. दर वेळचे 45 ते 60 डॉलर, किंवा महिन्याला अडीचशेच्या आसपास. कोपऱ्याचं घर म्हटल्यावर सगळेच जास्त सांगतात. ज्यांच्याशी ठरवलं त्यांनी कमी सांगितलं आणि 150 डॉलर आगाऊ घेतले. 2 ते 4 जानेवारीला मोठं वादळ आलं, जवळजवळ 15 इंच स्नो पडला, आणि ते आलेच नाहीत. फोन उचलला नाही, निरोपाला उत्तर नाही. पैसे गेले. त्यावरून एवढंच सांगेन की हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरातच ठरवा. किती इंच पडल्यावर येणार, किती तासांत येणार, बर्फ काढणं त्यात धरलं आहे की फक्त स्नो, हे लिहून घ्या. आणि आगाऊ रक्कम देऊ नका.

6 जानेवारीला, शुक्रवारी दुपारी, मी कामाच्या कॉलवर होते. खिडकीतून टपाल देणाऱ्या बाई येताना दिसल्या. बाजूच्या साइडवॉकवर, जिथे बर्फ सगळ्यात जाड होता तिथे, त्यांचा पाय सरकला. थैली एकीकडे, पत्रं एकीकडे, आणि त्या मनगटावर पडल्या. मी तशीच मोज्यांवर धावले. त्या उठून बसल्या होत्या, मनगट दाबून धरलं होतं. "हाड ठीक आहे वाटतं," म्हणाल्या. मी माफी मागत होते आणि त्याच मला धीर देत होत्या. मग त्यांनी एकच वाक्य शांतपणे सांगितलं, "हा एवढा पट्टा मला रोज भीती घालतो." रोज. म्हणजे तीन आठवडे त्या माझ्या घराशी येताना घाबरत होत्या आणि मी आत बसून, मीठ टाकलंय की, असं म्हणत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचा सोमवार उजाडला आणि त्या नेहमीसारख्या आल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात पालिकेचं पत्र आलं. साइडवॉकबद्दल तक्रार आली होती, निरीक्षकाने पाहणी केली, बर्फ आढळला. अमुक तारखेपर्यंत साफ करा, नाहीतर पालिका माणसं पाठवून साफ करून घेईल आणि त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होईल. बिल भरलं नाही तर रक्कम मालमत्ता कराला जोडली जाते. तक्रार कोणी केली ते पत्रात नसतं, आणि मीही शोधायला गेले नाही. ज्याने केली त्याचं बरोबरच होतं.

असं पत्र आलं तर घाबरून बाजूला ठेवू नका. त्यावर प्रकरण क्रमांक असतो. तो घेऊन 311 ला, म्हणजे पालिकेच्या मदत क्रमांकावर, फोन करा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी केला, दहा-बारा मिनिटं थांबावं लागलं. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या. एक, घट्ट बर्फ एका दिवसात निघत नसेल तर निदान त्यावर वाळू टाका, म्हणजे चालणारा घसरणार नाही. दोन, ही वाळू पालिका रहिवाशांना फुकट देते. ठरलेल्या जागी ढीग असतात, बादली आणि फावडं आपलं न्यायचं. मी म्हटलं, माझं काम चालू आहे याची नोंद करता येईल का? त्यांनी प्रकरणात तशी टीप लिहिली. त्याच दिवसापासून मी रोज साइडवॉकचे फोटो काढून ठेवायला लागले. हे कराच, दोन मिनिटांचं काम आहे.

वाळू आणायला दुपारी मुलाला घेऊन गेले. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या होत्या. ढिगाचं वरचं कवच गोठलेलं होतं, ते फोडून आतली मोकळी वाळू घ्यावी लागली. वाळूने बर्फ वितळत नाही, कितीही थंडी असो, नसो. ती फक्त पायाला धरते. पण तेवढ्यानेही फरक पडला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "राख असती तर तीही चालली असती, पण तुमच्याकडे चूल कुठली." त्यांचं खरं होतं, लाकडाची राख इथेही लोक टाकतात. सासूबाईंचा गुडघा दुखरा, म्हणून डिसेंबरपासून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. रोज सकाळी देवपूजा झाली की खिडकीशी बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, पण मला ते दिसायचं.

14 जानेवारीला, शनिवारी, ओळखीच्यांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिथे एक काकू भेटल्या, चाळीस वर्षं याच शहरात. 1991 च्या हॅलोवीनला 28 इंच स्नो पडला होता तो त्यांनी स्वतः काढला होता. मी तिळगूळ घेता घेता सगळं रडगाणं सांगितलं. काकूंनी विचारलं, "खरवडणी आहे का तुझ्याकडे?" मला कळेना. "अगं, लांब दांड्याचं, सपाट पात्याचं. आईस चॉपर. मीठ टाकून बर्फ जात नसतो. मीठ नुसतं त्याला जमिनीपासून सोडवतं. काढायचा आपणच असतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि पाणी कुठून येतंय ते बघ. एकाच जागी पुन्हा पुन्हा जमतोय ना? मग वरून कुठूनतरी येत असणार."

घरी जाताना 27 डॉलरला चॉपर घेतला. बुटांना लावायचे काटे घेतले, 22 डॉलर. हे काटे मी नोव्हेंबरातच घ्यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हवा शून्याच्या आसपास होती आणि ऊन होतं. दहा वाजता बाहेर गेले आणि त्या जाड बर्फाजवळ गुडघ्यावर बसून पहिल्यांदाच तो नीट पाहिला. एका जागी तीन इंच जाड होता. कडेने थर दिसत होते, एक पांढरा, एक करडा, एक स्वच्छ काचेसारखा. एका थरात मेपलचं आख्खं पान होतं, देठासकट. म्हणजे तळाचा तो थर शरद सरतानाचा होता. आणि वरच्या बाजूला, मी आधी टाकलेल्या मिठाचा प्रत्येक खडा सरळ खाली गेला होता. घावनाला जाळी पडते तशी त्या बर्फाला जाळी पडली होती. काही भोकं अगदी काँक्रीटपर्यंत पोचली होती आणि तळाशी खारं पाणी साचलं होतं. महिनाभर मी वरचा बर्फ नाहीसा व्हायची वाट बघत होते. मीठ मात्र जेव्हा केव्हा चाललं, तेव्हा आपलं काम खाली करून बसलं होतं.

चॉपरचं पातं त्या जाळीत घातलं आणि दांडा दाबला. कट्कन आवाज झाला आणि ताटाएवढा तुकडा भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अलगद सुटला. खाली ओलं, काळपट काँक्रीट. मी तिथेच उभी राहून दोन मिनिटं रडले.

चॉपर वापरताना तो उभा आपटू नका, काँक्रीटला टवके जातात. तिरका धरायचा, कडेपासून सुरुवात करायची आणि पातं बर्फाखाली सारत जायचं. उन्हाच्या वेळी करायचं, दहा ते तीन. दर अर्ध्या तासाने थांबायचं. स्नो असेल तेव्हाही उचलण्यापेक्षा ढकलायचा, आणि छातीत किंवा हातात दुखलं तर फावडं खाली टाकून आत यायचं. मला 128 फुटांना साडेचार तास लागले, शेवटच्या तासाला शेजारचे आजोबा न सांगताच आपला चॉपर घेऊन आले.

पाणी कुठून येतं तेही त्याच दिवशी दिसलं. दुपारी एकच्या सुमाराला छपराच्या पन्हळीतून उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडातून बारीक धार सुरू झाली. पाइप भिंतीशी संपत होता आणि अंगणाचा उतार साइडवॉककडे होता. छपरावरचा स्नो उन्हात वितळायचा, धार साइडवॉकवर यायची आणि चारनंतर गोठायची. दुसरं कारण मी स्वतःच तयार केलं होतं: काढलेल्या स्नोचा सगळा ढीग मी साइडवॉकच्या वरच्या अंगाला, घराच्या बाजूला रचला होता. तोही दुपारी वितळून साइडवॉकवरून वाहत होता. पाइपाला 13 डॉलरचा जोड लावून तोंड मागच्या झाडांकडे वळवलं. ढीग दोन संध्याकाळ खपून खालच्या अंगाला हलवला. सोमवारी पाऊस पडला आणि नंतर गोठलाही, पण त्या जागी कागदाएवढाच पापुद्रा आला. महिनाभराच्या मिठाने जे झालं नव्हतं, ते या दोन गोष्टींनी झालं.

मंगळवारी पुन्हा 311 ला फोन करून काम झाल्याचं कळवलं. काही दिवसांनी निरीक्षक येऊन गेले असावेत, मला दिसले नाहीत. आठवड्याने विचारलं तेव्हा प्रकरण बंद झाल्याचं कळलं. बिल आलं नाही.

मिठाचं माप मला त्या आठवड्यात कळलं. इथे राज्याची प्रदूषण नियंत्रण संस्था ते सोप्या भाषेत सांगते: कॉफीचा एक 12 औंसांचा मग, म्हणजे साधारण एक पाउंड मीठ, साइडवॉकच्या दहा चौकोनांना पुरतं. खड्यांमध्ये साधारण तीन इंच अंतर हवं. माझे 35 चौकोन आहेत, म्हणजे साडेतीन मग. 50 पाउंडांची एक पिशवी चौदा वेळा पुरायला हवी, आणि मी चार पिशव्या सव्वीस दिवसांत संपवल्या होत्या. हे मी जेवताना सांगत होते. सासूबाईंनी हात थांबवला. "तीन इंच? म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीएवढं." दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझे काटे बुटाला लावून, मुलाचा खांदा धरून, साफ झालेल्या साइडवॉकवर आल्या. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा बाहेर. मगातून चिमूट घेऊन त्या पापुद्र्यावर सोडत गेल्या, ठिपक्याशेजारी ठिपका, ओळ सरळ. दहा चौकोन झाले तरी मगात मीठ उरलं होतं. नंतर फेब्रुवारी संपेपर्यंत हे काम त्यांनीच केलं. मलाही त्यांच्यासारखं टाकता येत नाही, माझे खडे एका जागी पडतात.

कमी टाकण्याचं कारण फक्त पैसे नाही. चमचाभर मीठ पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ एकोणीस लिटर पाणी कायमचं दूषित करायला पुरतं, आणि पाण्यात गेलेलं क्लोराइड परत काढायचा सोपा मार्ग नाही. रस्त्याच्या कडेच्या जाळीतून जाणारं पाणी इथे शुद्ध होऊन जात नाही, सरळ तलावात, ओढ्यात आणि मिसिसिपीत जातं. मिनेहाहा ओढा आणि पावडरहॉर्न तलाव क्लोराइडमुळे दूषित पाण्यांच्या यादीत आहेत. त्याच ओढ्यावर मी उन्हाळ्यात मुलाला पाण्यात पाय सोडून बसवते. म्हणून आता बर्फ सुटला की उरलेले कोरडे खडे झाडून पुन्हा पिशवीत भरते. ते दुसऱ्यांदा तितकेच चालतात.

नवऱ्याच्या मनात विजेवर तापणाऱ्या चटया होत्या, निदान पायऱ्यांपुरत्या. चौकशी केली. तीन पायऱ्यांच्या चटया साडेतीनशे डॉलर, आणि बाहेर ओलाव्यात चालणारा सुरक्षित विजेचा पॉइंट नव्हता, तो बसवायचे 220. आम्ही थांबलो. घरात वयस्कर माणसं कायम राहत असतील तर मात्र नक्की विचार करा. मिशिगनमधल्या हॉलंड गावात तर 1988 पासून बाजारपेठेतल्या रस्त्यांखाली आणि साइडवॉकखाली नळ्यांतून कोमट पाणी फिरवतात, वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता वापरून. तिथे स्नो पडतो तसा विरतो. ते वाचून हेवा वाटला.

21 ते 23 फेब्रुवारीला पुन्हा फूटभर पडला. या वेळी मी पडत असतानाच दर चार तासांनी बाहेर गेले. चार इंच चार वेळा काढणं एकदम सोळा काढण्यापेक्षा कितीतरी हलकं, आणि दबायला वेळच मिळत नाही. पूर्ण रुंदीने काढला. मीठ दोन मग. तो हिवाळा मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या नोंदींत तिसरा सर्वाधिक स्नोचा ठरला, 90 इंच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई सांगलीला परतल्या. 1 एप्रिलला पुन्हा ओला, जड स्नो आला, तोपर्यंत सवय झाली होती.

स्नो गेल्यावर नुकसान दिसलं. साइडवॉकच्या दोन्ही कडांना हातभर रुंद गवताचा पट्टा पिवळा पडून मेला होता. त्यावर भरपूर पाणी सोडलं, माती बदलली, मे महिन्यात बी पेरलं, निम्मं उगवलं. वाळू झाडून बादलीत भरून ठेवली, नाहीतर तीही जाळीत जाते. पायऱ्यांचं मात्र जास्त झालं. खालच्या दोन पायऱ्यांचा वरचा थर खपल्या निघाव्यात तसा निघत होता. मीठ वितळवतं, पाणी काँक्रीटच्या छिद्रांत शिरतं, रात्री पुन्हा गोठून फुगतं आणि आतून थर उचलतं. दुरुस्तीला 650 डॉलर लागले. मीठ, हत्यारं, काटे, पाइप आणि बुडालेली आगाऊ रक्कम मिळून 277 झाले होते, त्यात हे.

पायऱ्या करणाऱ्या गवंड्याने जाताना बजावलं: नव्या काँक्रीटला पहिला हिवाळा कसलंही मीठ लावायचं नाही, "काँक्रीटला चालतं" असं पिशवीवर लिहिलं असलं तरी नाही. आज ऑक्टोबर 2023 ची 21 तारीख. पाइपाचा जोड तपासून झाला, अंगणाचा उतार जूनमध्येच बदलून घेतला. वाळूच्या दोन बादल्या भरून दाराशी ठेवल्या आहेत, पायऱ्यांवर यंदा तेवढंच. कॅल्शियम क्लोराइडची पिशवी अर्धी उरली आहे. ती ओलावा धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात ओतून ठेवली आणि वर मग ठेवला.